साहेबांसाठी कचरा

नर्सबाई किनाऱ्यावर पोचल्या तेव्हा त्यांचा सख्खा भाचा पोती उलटी करत होता. काल दिवसभर कंबर मोडेस्तोवर उचललेला कचरा! बाटल्या, चपला, थर्माकोल, नायलॉनच्या जाळ्यांचा गुंता. सगळं पुन्हा वाळूवर, तेही ऐन पाण्याच्या कडेला.

"अरे, हे काय चालवलंयस?"

"अगं मावशी, आमचे साहेब येतायत सफाईला. स्वच्छ वाळूवर काय उचलणार ते, शिंपले?" कंपनीचा टी-शर्ट घालून भाचा नुसता मिरवत होता. "आणि इथे फोटोत मागे लाटा मस्त येतात."

"भरती लागलीय, दिसत नाही का? सगळं समुद्रात जाईल!"

"साहेब निघालेत, आलेच. तोवर कुणी कशाला हात लावायचा नाही हं."

नर्सबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यातल्याच एका जाळीतून काल त्यांनी कासव सोडवलं होतं, बोटं कापून घेऊन. ती जाळी आता पाण्यापासून हातभर अंतरावर पडली होती.

बाकीचे स्वयंसेवक हातमोजे चढवत लांबूनच बघत होते. टेम्पो कंपनीचा, हातमोजे कंपनीचे, बोलणार कोण? म्हातारे शिंपीकाका तेवढे पुटपुटले, "आमच्या कमरा काय फुकटच्या आहेत होय रे?"

पाणी चढत होतं. साहेब आधी ट्रॅफिकमध्ये अडकले, मग नाश्त्याला थांबले. पहिली बाटली तरंगली, तशा नर्सबाई धावल्या.

"मावशी, थांब ना! माझ्या नोकरीचा प्रश्न आहे!"

"खड्ड्यात गेली तुझी नोकरी!"

त्या चपलांसकट पाण्यात शिरल्या. मागून शिंपीकाका, मग सगळेच. हाताला लागेल ते ओढून वर कोरड्या वाळूवर फेकत होते, पण लाट एक वस्तू द्यायची आणि चार न्यायची. जाळी फुगली, पसरली आणि नर्सबाईंच्या बोटांतून निसटून आत गेली. त्यांच्या तोंडून सणसणीत शिवी गेली.

तेवढ्यात भाच्याचा फोन वाजला. "हो सर. नाही सर, काहीच हरकत नाही सर." साहेब येणार नव्हते. फोटो पाठवले की झालं, म्हणाले.

भाच्याने समोर पाहिलं. ओली वाळू लखलखत होती. एक कपटा म्हणून नव्हता.

नर्सबाई छातीभर पाण्यात उभ्या होत्या, हातात कुणाची तरी एक चप्पल. त्याने फोन डोळ्यांसमोर धरला.

"मावशी, जरा बाजूला हो ना. फोटोत येतेयस."