मधली पसंती

“पहिल्या पसंतीला तीन गुण, दुसरीला दोन, तिसरीला एक,” कमलाकांतांनी तिसऱ्यांदा समजावलं आणि तिसऱ्यांदा त्यांचा आवाज मध्येच बसला. “बेरीज ज्याची जास्त, तो चाळीचा अध्यक्ष.”

“त्यापेक्षा सरळ हात वर करू ना, काका,” जयवंत म्हणाला.

“गेल्या वर्षी केले होते. वीस-वीस. वर्षभर अध्यक्षच नाही.”

करी रोडच्या त्या चाळीत चाळीस खोल्या, खोलीमागे एक मत. तळमजल्यावरच्या वाचनखोलीत जयवंतला जिम हवी होती, दीपकला मंडळाचं ऑफिस. भांडण मिटेपर्यंत खोलीला कुलूप. ग्रंथपाल म्हणून निवृत्त झालेले कमलाकांत रोज त्या कुलपाला हात लावून दूध आणायला जात. दोघांतलं कोणीही जिंकलं तरी पुस्तकं रद्दीत जाणार, हे त्यांना कळत होतं. पण चारचौघांत बोलायचं कसं?

“दोघांतच गुण कसले वाटायचे?” दीपक म्हणाला. “तिसरं नाव पायजे.”

“ह्यांचं घाला,” कमलाकांतांची बायको, बेबी, तांदूळ निवडता निवडता म्हणाली. “नुसतं भरतीला.”

सगळे हसले. कमलाकांत सगळ्यांच्या आधी हसले.

त्या आठवड्यात बेबीनं नारळाच्या वड्या केल्या. एक डबा जयवंतच्या बाजूच्या खोल्यांत फिरला, एक दीपकच्या. परतायला तिला फार वेळ लागला.

“एवढं काय बोलत होतीस?”

“वड्यांचंच हो. बरं, शेवटच्याला एकच गुण ना?”

“एकच. का?”

“बायका विचारत होत्या. तुमचं सांगणं कोणाला कळतंय!”

रविवारी मतमोजणीला निघताना तिनं त्यांच्या शर्टाच्या खिशात घडी घातलेला कागद सरकवला. “वाण्याची यादी. येताना बघा, आत्ता नको.”

मोजणी कॅरमबोर्डावर झाली. जयवंतची मुलगी श्रेया बेरजा वाचत होती.

“बाबा, एकोणऐंशी. दीपकदादा, एकोणऐंशी.” ती अडखळली. “कमलाकांतकाका... ब्याऐंशी.”

“काकांना पहिली पसंती दोनच खोल्यांची आहे!” दीपक ओरडला. “हात वर केले असते तर दोन मतं पडली असती.”

“तू मला तिसरा टाकलास?” जयवंतनं विचारलं.

“आणि तू मला काय दुसरा टाकलास?”

“छे! म्हटलं, मधे काका बरे. निरुपद्रवी.”

“मी पण तेच म्हटलं रे!”

जयवंतला हसूच फुटलं. “घ्या! बोला काका, भाषण!”

कमलाकांतांना दरदरून घाम फुटला. त्यांनी खिशातून रुमाल ओढला, तशी यादीही बाहेर आली आणि हातात उलगडली. बेबीचं टपोरं अक्षर होतं.

“मंडळी, माझी लायकी नसताना तुम्ही मला अध्यक्ष केलंत, आभारी आहे. (एवढं मोठ्यानं वाचा, मग आधी वाचनखोलीचं कुलूप काढा.) येताना कोथिंबीर आणा. दोन्ही बाजूंना आता आभाराच्या वड्या द्याव्या लागतील.”