हणमंताचे हात

ऑर्केस्ट्रातले बाकीचे वादक आठवडाभर गाणी घासत होते, तेव्हा ड्रमवाला हणमंत मिशीला पीळ देत बसला होता. लग्नाच्या मांडवात शिरताना त्याने मनगटांवर दोन पट्ट्या चिकटवल्या आणि मूळ रेकॉर्डवरच्या ड्रमरचं वादन त्याच्या हातांत मुरलं. कुणी 'वन्स मोअर' म्हटलं, की हात आपोआप पहिल्यापासून सुरू होणार, अशीही सोय होती.

गाणं झकास रंगलं. शेवटी गायिका नलूताईंनी नेहमीसारखी मान हलवली आणि सगळे थांबले. हणमंताचे हात मात्र हळू आवाजात वाजवतच राहिले.

पंगत बसली तरी पत्रावळीवर ताल चालूच. शेजारच्या आजोबांच्या धोतरावर मठ्ठा उडाला.

"अरे, थांब की मेल्या!" नलूताई खेकसल्या.

"कसा थांबू, ताई? रेकॉर्डवर गाणं संपतच नाही, नुसता आवाज बारीक करत नेलाय. पट्ट्या काढल्या, तरी हात ऐकत नाहीत!"

जिलबी येईपर्यंत बोटं कशीबशी निवली. हणमंताने हुश्श केलं आणि पहिला तुकडा उचलला.

तेवढ्यात वरपिते समोर येऊन हात जोडून म्हणाले, "काय वाजवलंत हो! वन्स मोअर!"