सहावा उल्लेख

दुपारी तीनला आकडे गोठवायचे होते, आणि थोरले सर पावणेतीनपासूनच ग्रंथपालबाईंच्या टेबलापाशी उभे होते. बाईंनी दोनदा खुर्ची दाखवली. सर बसले नाहीत. संचालकाची खुर्ची पाव तासावर आलेली असताना ग्रंथालयातल्या खुर्चीवर कोण बसतो?

उमेदवार दोनच. एक हे, दुसरे समोरच्या खोलीतले धाकटे सर. दोघे एकाच गुरूंचे विद्यार्थी, दोघांची हयात उंदरांच्या यकृतात गेलेली. निवड समितीला यकृतातलं ओ की ठो कळत नव्हतं, म्हणून तिने सोपा नियम केला होता: ज्याच्या शोधनिबंधांचा इतरांनी आपापल्या निबंधांत जास्त वेळा उल्लेख केलाय, तो संचालक. बरोबरी झाली तर वयाने मोठा. आपणच आपला केलेला उल्लेख धरायचा नाही, ही पुस्ती थोरल्या सरांनी आग्रहाने जोडायला लावली होती.

काल संध्याकाळी थोरले होते दोन हजार एकशे चौदावर, धाकटे दोन हजार एकशे नऊवर.

"पाचाने का होईना, पुढे आहोत," सर म्हणाले.

"धाकटे सर माणूस मात्र गोड हं," बाई म्हणाल्या.

"गोडच. म्हणून तर लोक त्याचे उल्लेख करतात. वाचतंय कोण?"

धाकट्याचं सगळंच सरांना डाचे. त्याचे दाट केस, त्याला परदेशातून येणारी आमंत्रणं, ते उठता-बसता 'दादा' म्हणणं. उंदीरसुद्धा मेले त्याच्याकडे जास्त दिवस जगत.

त्याचा समाचार घेणारा सरांचा नवा निबंध आज सकाळीच प्रसिद्ध झाला होता. तो समितीच्या नजरेला पडावा म्हणून त्यांनी संपादकाला आठवड्यात चार मेल धाडून घाई केली होती. त्यात धाकट्याच्या पाच निबंधांची एकेक करून सालं काढलेली. सहावा तसा निरुपद्रवी, बारा वर्षांपूर्वीचा, दीड पानाचा. पण शेवटचं प्रूफ तपासताना समोरच्या खोलीतून हसण्याचा आवाज आला, आणि सरांनी तोही घुसवला.

तीन वाजले. बाईंनी बटण दाबलं. कागद बाहेर आला.

"थोरले सर, दोन हजार एकशे चौदा."

"हं."

"धाकटे सर, दोन हजार एकशे पंधरा."

सरांनी कागद ओढून घेतला. "एका दिवसात सहा? कोणी केले?"

बाईंनी चष्मा वर सरकवला. "तुम्हीच की, सर. आज सकाळी."

"अहो, मी त्याचे वाभाडे काढलेत! ओळीओळीत!"

"मशीन वाचत नाही, सर. मोजतं."

सरांनी ओठ हलवत सहातून एक वजा करून पाहिला. मग कागदाची घडी घातली. मग ती उलगडली.

तेवढ्यात धाकटे सर आत आले. आकड्याचं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

"दादा, निबंध वाचला तुमचा. त्या माझ्या दीड पानाकडे बारा वर्षांत कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं हो. पहिला उल्लेख तुमचा."

"मी त्याला काय म्हटलंय तेही वाचलंस ना?"

"वाचलं ना. टाकाऊ." धाकट्याचे डोळे भरून आले होते. "पण दादा, तुम्ही तो शेवटपर्यंत वाचलात!"

सर आपल्या खोलीत गेले, दार लोटलं आणि कॉम्प्युटरवर नवं पान उघडलं. 'ही मोजणीच मुळात चुकीची आहे,' असं पहिलं वाक्य लिहून त्यांनी पुढे कंसात धाकट्याचं नाव घातलं. मग दचकून खोडलं. वाक्य पुन्हा वाचलं. चूक होती, पण कोणाची ते कळत नव्हतं.

बाहेर सुतार समोरच्या दारावरची पाटी उतरवत होता, संचालकांच्या खोलीला लावायला. दारातल्या फटीतून सर स्क्रू निघताना बघत राहिले. एक. दोन. तीन. चौथा.

त्यांनी कंस उघडला आणि नाव परत घातलं. मग जरा आठवून, त्याचे आणखी दोन निबंध.