काळीभोर

दुकानात शेजारी शेजारी लावलेल्या दोन टीव्हींवर कुमुद एकदमच तिळगूळ वाटायला लागली. तिच्या शेवटच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाची सीडी भालचंद्ररावांनी घरून आणली होती आणि हट्टानं लावायला सांगितली होती.

"बाबा, सगळं दुकान बघतंय," मंदार कुजबुजला.

"बघू दे. तिळगूळ काही मिळणार नाही त्यांना."

विक्रेत्यानं एलसीडीचा उजेड वाढवला. "काका, हा घ्या. वजनाला हलका, वीजही कमी खातो. तो प्लाझ्मा फार तापतो हो."

"तापू दे. याची आईही तापायची. मी कधी बदलून आणली का?"

विक्रेता हसला. मंदार नाही हसला. "बाबा, हट्ट सोडा. प्लाझ्मा आता कोणी घेत नाही."

भालचंद्रराव एलसीडीसमोर जाऊन उभे राहिले. त्या दिवशी कुमुद चंद्रकळा नेसली होती. संक्रांतीचं काळं कसं काळंभोरच हवं, म्हणून तिनं अख्खी बाजारपेठ पालथी घातली होती. प्लाझ्मावर ती साडी तशीच काळीभोर होती. इथे मात्र धुरकट झाली होती.

"रंग बघ," ते म्हणाले.

"जरा राखाडी दिसतेय, एवढंच ना?"

"राख मी संगमावर सोडून आलोय, मंदार." त्यांचा आवाज चढला तसं गिऱ्हाईक वळून बघू लागलं. "घरी ती चंद्रकळेतच येईल. प्लाझ्मा बांधा हो!"