झोळीची गाठ

करुणा कामावरून पाळणाघरात आली, तरी तिच्या लेकीनं हौसामावशींच्या गळ्याची मिठी सोडली नाही. करुणाच्या अंगाचा तिळपापड झाला.

वस्तीतल्या बायकांनी मिळून हे पाळणाघर काढलं, तेव्हा प्रत्येक आईनं लेकराच्या झोळीसाठी आपली वापरातली साडी दिली होती. करुणा आपल्या साडीची गाठ सोडू लागली.

"उद्यापासून नाही पाठवणार हिला. तुम्हीच झालात तिची आई!"

"ने की!" मावशी फणकारल्या. "दिवसभर भरवते, खेळवते मी. परवा साडी मळली म्हणून माझं लुगडं बांधलं, तर पोरीनं रडून वस्ती गोळा केली. तुझी मळकीच परत बांधली, तेव्हा कुठं डोळा लागला. मग कोण गं आई?"

हा जळका सूर करुणाच्या चांगलाच ओळखीचा होता; आत्ताच तो तिच्याच तोंडून निघाला होता. तिनं साडीचं टोक मावशींपुढे धरलं.

"ही गाठ तुम्ही मारा."