न उचलायचा फोन

“भैया, रोमिंग में मिस कॉल आया और उठाया नहीं, तो पैसा कटता है क्या?”

रचनाने दुकानदाराला हे विचारलं आणि तिच्या मागे उभ्या असलेल्या सेवकरामचे कान टवकारले. पोरगी शिकायला इंग्लंडला निघालेली. पुढल्या आठवड्यात विमान. अशा वेळी माणूस थंडीचं विचारतो, खाण्यापिण्याचं विचारतो. हिला पडली होती मिस कॉलची काळजी.

“नहीं उठाया तो नहीं कटता, बेटी,” काउंटरमागून हिरालाल म्हणाला. रचनाचा चेहरा खुलला. बापाचा मात्र उतरला.

सेवकराम मुळातच संशयी. राईस मिलमध्ये तांदळाच्या गाड्या भरून द्यायचं काम करता करता हा गुण त्याच्या अंगात मुरला होता. पोत्यावर लिहिलेल्या वजनावर त्याचा विश्वास नव्हता, ड्रायव्हरवर नव्हता, दूधवाल्यावर तर नव्हताच. एका लेकीच्या बाबतीत तेवढा तो डोळे झाकून होता. तेही परवापर्यंत. परवा त्याची बहीण प्रेमिला कुडव्याला त्याच्या घरी चार दिवस राहून परत निघाली आणि जाता जाता कानाशी लागली.

“दादा, पोरीचा फोन रोज सांजच्याले एकदाच वाजते अन् बंद होते. उचलत नाई. गालातल्या गालात हासते अन् अंगणात जाते. तू घरी नाई राहत तवाच वाजते, बरं का!”

त्या दिवसांत अख्खा गोंदिया मिस कॉलवर चालत होता. पोती उतरली की हमालांचा मिस कॉल, गाडी देवरीला पोचली की ड्रायव्हरचा, दळण झालं की चक्कीवाल्याचा. मिल सुटली की सेवकरामही दोनचं बटण दाबून घरी एक रिंग द्यायचा आणि मग स्कूटरला किक मारायचा. त्यामुळे त्याला एक गोष्ट पक्की ठाऊक होती. न उचललेला फोन म्हणजे दोघांत आधीच काहीतरी ठरलेलं असतं.

परवापासून त्याला अन्न गोड लागत नव्हतं. बायकोला, अल्काला विचारावं, तर ती सदा लेकीच्या बाजूची. लेकीलाच विचारावं, तर जीभ रेटत नव्हती. ती हो म्हणाली तर? तसलं काही निघालं तर तिकीट रद्द, शिष्यवृत्ती गेली खड्ड्यात, असं त्याने ठरवून टाकलं होतं. ठरवलं आणि नंतर मोरीत तोंड धुवायच्या निमित्ताने एकटाच रडला. घरातून परदेशी जाणारी ही पहिलीच पोर, आणि ते स्वप्न तिच्याआधी त्याने पाहिलं होतं.

हिरालालने एक चकचकीत, बोटाने सरकवायचा फोन पुढे केला. रचनाने तो बाजूला सारला. तिला दोन सिमचाच पाहिजे होता.

“एक तिकडचं सिम, अन् एक माझं जुनं,” ती म्हणाली.

“जुना नंबर बंद करून टाक ना,” सेवकराम सहज बोलल्यासारखं बोलला. “तिकडं कायले पायजे गोंदियाचा नंबर?”

“पायजे, बाबा.”

बस, एवढंच. तिने दोन सिमचा एक साधा फोन निवडला. त्यात आपलं जुनं सिम घातलं, पाठ फिरवली आणि फोन कानाशी धरून एकेक रिंग ऐकत बसली. एक आवडली तशी एकटीच हसली. मग पटापट कुणाचा तरी नंबर दाबून ती रिंग त्याच्या नावावर लावली. नंबर तिला तोंडपाठ होता.

“खास आदमी के लिए खास रिंग?” हिरालालने चेष्टा केली.

“बहुत खास!”

सेवकरामचा तोल सुटला.

“कोण आहे तो?” तो ओरडला. बाकीची गिऱ्हाइकं वळून बघू लागली. “रोज सांजच्याले कोण वाजवते तुहा फोन? सांग आत्ताच्या आत्ता! नाई तं चाल घरी, कुठीच नाई जाचं इंग्लंड-फिंग्लंडले!”

 बाप काय म्हणतोय हे रचनाला आधी कळेना. कळलं तसे तिचे डोळे भरून आले. ती म्हणाली, “बाबा, मिस कॉल द्या.”

“काय?”

“मिलमधून निघताना घरी देता ना, तसा. द्या.”

चडफडत त्याने खिशातून फोन काढला. न बघताच दोनचं बटण दाबून धरलं. काउंटरवरचा नवा फोन थरथरला आणि त्यातून एक कोंबडा गळा फाडून आरवला. सगळं दुकान हसलं.

सेवकराम हसला नाही. घरी रिंग देतो म्हणजे अल्काच्या फोनवर देतो, असं तो वर्षभर धरून चालला होता. त्या बटणावर नंबर लेकीने लावून दिला होता. पोत्याचं वजनसुद्धा धरून न चालणाऱ्या माणसाने ते मात्र कधी तपासलं नव्हतं.

“मागल्या साली मिलवरून येता येता तुमी फाटकापाशी स्कूटरवरून पडले,” रचना डोळे पुसत म्हणाली. “कितीक वेळ पडून होते, अन् घरी कोणाले पत्ता नाई. तवापासून रिंग आली का मी अंगणात जाऊन उभी राहते, स्कूटर दिसेपर्यंत. तिकडून अंगण नाई दिसणार, बाबा. पण कोंबडा आरवला का मले समजल, तुमी निघाले. घरी पोचले का आखीन एक देजा.”

सेवकरामने खांद्यावरच्या दुपट्ट्यात तोंड खुपसलं.  मग नाक पुसून तो काउंटरवर वाकला आणि पोत्याचं वजन बघताना बघायचा तशा नजरेने त्याने हिरालालकडे पाहिलं.

“भैया, नहीं उठाया तो पैसा सच में नहीं कटता ना?”