मागचं दार

तरुणांच्या समुपदेशन केंद्राचं अनुदान चालू ठेवायचं की नाही, ते ठरवायला आलेल्या तपासनीस बाई सकाळपासून पुढच्या दाराबाहेर खुर्ची टाकून बसल्या होत्या. संध्याकाळपर्यंत चिटपाखरूही फिरकलं नाही. त्यांनी अहवालात ठसठशीत शून्य लिहिलं.

"माशा मारायला अनुदान मिळत नसतं, ताई."

समुपदेशक ताई हसल्या. "चारचौघांदेखत इथं कोण येईल, बाई? चला, मागे चला."

मागच्या दाराला लागून सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. दुकानदार काका हात पुसत उठले.

"काका, आज किती?"

"एकवीस सायकली ठेवून घेतल्या. पंक्चर एकही नाही."

बाई बघतच राहिल्या. "म्हणजे?"

"पोरं हवा भरायला येतात. हवा भरून झाली तरी एखादं घुटमळत राहिलं, की मी म्हणतो, सायकल राहू दे माझ्यापाशी, तू जरा आत जाऊन ये."

बाईंनी शून्य खोडून एकवीस लिहिलं. मग नव्या समुपदेशकांच्या प्रशिक्षणाचं पान उघडून त्यात काकांचं नाव घातलं.

काका गडबडले. "अहो, या वयात मी काय शिकणार?"

"शिकायचं नाही, काका. शिकवायचंय."